सहल लांबची नको, त्याच जागी दोनदा जा

पत्र: "मी पेडणे तालुक्यात शापोरा नदीकाठच्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र, मुलं १९. त्यातली पाच घरी कन्नड बोलतात. गेल्या वर्षी बस करून एका दिवसात जुने गोवे, मिरामारचं विज्ञान केंद्र आणि बोंडला असं सगळं केलं. परतल्यावर 'माझी सहल' यावर दहा ओळी लिहायला दिल्या, तर बहुतेकांनी बसमधली गाणी आणि वेफर्स एवढंच लिहिलं. यंदा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत काही पालक म्हणाले, इंग्रजी शाळेतली मुलं वॉटरपार्कला जातात, आपलीही जाऊ देत. काहींचं म्हणणं, फिरवणं पुरे, पाढे पाठ करून घ्या. मुख्याध्यापकांना जबाबदारी नको आहे. मला मुलांना स्वतःच्या हातांनी काहीतरी करू द्यायचंय. पण कुठे नेऊ आणि नेऊन काय करू, ते उमगत नाही. की सहलच रद्द करू?"
एक शिक्षिका, पेडणे तालुका

नमस्कार टीचर,

सहल रद्द करू नका. गेल्या वर्षी मौज आणि अभ्यास ही दोन्ही कामं तुम्ही एकाच दिवसावर टाकलीत, ती यंदा वेगळी करा. पालकांना मुलांनी पाण्यात खेळावं असं वाटत असेल, तर तो दिवस निव्वळ खेळण्याचा असू दे. मित्रांबरोबर बसमध्ये बसून गाणी म्हणायला मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि ज्या मुलांना घरचं कुणी कुठे नेत नाही त्यांच्यासाठी तर ती वर्षभर पुरणारी गोष्ट आहे. त्या दिवसावर निबंध लिहून घेऊ नका. फक्त पैशांपायी एकही मूल मागे राहणार नाही, एवढं संघाकडून आधीच कबूल करून घ्या.

मुलांनी वेफर्सचं लिहिलं म्हणून वाईटही वाटून घेऊ नका. आठ-नऊ वर्षांचं मूल नव्या जागी पोचलं की पहिला बराच वेळ ते जागाच चाचपत असतं. शौचालय कुठे, आपला जोडीदार कुठे, टीचर रागावल्या आहेत की खुशीत, डबा कधी उघडायचा. हे सगळं ठीकठाक आहे अशी खात्री पटली की मग कुठे त्याची नजर समोरच्या वस्तूवर ठरते. तुमची मुलं त्या टप्प्याला येईपर्यंत बस सुटायची वेळ झाली होती. तीन ठिकाणी तीनदा हेच झालं. मग दिवसभरात ओळखीचं झालेलं एकच ठिकाण उरलं, ते म्हणजे बस. मुलांनी तिच्यावरच लिहिलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: शिकायची भेट चालत जाता येईल अशा जागी ठेवा आणि त्याच जागी दोनदा जा. पहिल्या खेपेला मूल जागा ओळखून घेतं, दुसऱ्या खेपेला तिथे काय बदललंय ते त्याला दिसतं. आणि बदल दिसला की प्रश्न आपोआप येतात, ते आपल्याला पढवावे लागत नाहीत. नव्या जागी मोठ्या माणसांनी विचारलेले प्रश्न मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून ऐकतात. ओळखीच्या जागी ती स्वतः विचारतात.

आता कुठे जायचं. शापोराकाठचं गाव म्हणजे आसपास खाजन, म्हणजे खाऱ्या नदीकाठची सखल शेतजमीन असणार, बांध असणार आणि बांधात कुठेतरी मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार असणार. गावातली मुलं रोज तिच्या बाजूने जात-येत असतील, पण थांबून बघितलेलं कुणी नसेल. नदीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं आणि आत भातशेती करायची, ही आपल्या लोकांनी शतकानुशतकं सांभाळलेली विद्या. मिठाला तोंड देऊन उभं राहणारं कोरगुटासारखं भात याच शेतांचं. आणि या सगळ्याचा जीव मानशीच्या दारात असतो. भरतीला नदीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने लाकडी दार मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला नदी खाली उतरते, मग आतलं साठलेलं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि नदीत निघून जातं. माणसाने हात न लावता दिवसातून दोनदा दार उघडतं आणि दोनदा मिटतं. पाण्याचा दाब, पातळी, उतार, खारं-गोडं पाणी, भात, मासळी, चंद्र, गावाने एकत्र येऊन राखलेली मालमत्ता, हे सगळं तिथे एका ठिकाणी आहे, आणि तिसरी-चौथीच्या मुलाला ते डोळ्यांनी दिसतं.

मानस एकदाच बघितली तर मात्र अर्धीच कळते. भरतीला गेलात तर ते नुसतं बंद दार. ओहोटीला गेलात तर पाणी वाहणारं भोक. दोन्ही बघितलं तरच ती यंत्र आहे हे ध्यानात येतं.

दोन भेटींच्या वेळा कशा जुळवायच्या, तेही सांगते. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी ९ वाजता भरती असेल तर आठवड्याने त्याच सुमाराला ओहोटी सापडते. कोकण किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ. संकष्टीला चतुर्थी, ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ ला भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी ९ च्या सुमारास, ओहोटी. शुद्ध एकादशी आणि तिच्यानंतर येणारी संकष्टी यांत साधारण आठवड्याचं अंतर. दोन्ही दिवस घराघरांत ठाऊक असतात, कॅलेंडरवर छापलेले असतात, आणि दोन्ही वेळा सकाळच्या शाळेत बसतात.

हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. नदीत आत भरती उशिरा पोचते, त्यामुळे तुमच्या मानशीवर तो तंतोतंत जुळणार नाही. हे मुलांना आधी सांगू नका. चौथीच्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण शिकवायचंच असतं. फळ्यावर ११ ची पाऊणपट त्यांच्याकडून काढून घ्या, वेळ वहीत लिहून घ्या आणि मानशीवर जाऊन प्रत्यक्ष काय होतं ते बघू द्या. पाणी चढायचं थांबलं तेव्हा घड्याळात किती वाजले? आपल्या हिशेबापेक्षा किती उशीर? का? गणित चुकलं की नदीने वेळ घेतला, यावर वर्गात वाद होऊ दे. पाढे पाठ करून घ्या म्हणणाऱ्या पालकांना ही वही दाखवा. पाऊणकीचा असा उपयोग त्यांच्या आजोबांना माहीत होता, हे त्यांनाही आवडेल.

तुम्ही स्वतः मात्र आधी एकदोनदा जाऊन वेळ पक्की करून घ्या. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्तेही मिळतात, त्यांच्याशी ताडून बघा. आणि शेतकऱ्यांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका. भातकापणी झाल्यावर काही ठिकाणी मासळी आणि सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) दार अडकवून खारं पाणी मुद्दाम आत घेतात. तशा दिवसांत गेलात तर सगळं उलटं दिसेल आणि तुमचीच पंचाईत होईल. बांधाची राखण करणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कुणी, किंवा मानशीवर जाळं लावणारं कुणी, तुमच्याबरोबर यायला तयार झालं तर फारच छान. वर्गात एखाद्या मुलाचा आजोबाच त्यातला निघेल. त्यांना भाषण करायला सांगू नका, नुसतं सोबत चाला म्हणा. मुलं विचारतील तेवढंच त्यांनी सांगावं.

जाण्याआधी वर्गात फार काही शिकवू नका. एकच प्रश्न फळ्यावर लिहा: भरतीला नदीचं पाणी शेताच्या वर चढतं, तरी शेत का बुडत नाही? प्रत्येकाने आपला अंदाज चित्र काढून वहीत नोंदवायचा. बांध उंच म्हणून, असं पुष्कळजण म्हणतील. मग विचारा, पावसाचं पाणी शेतातून बाहेर कुठून जातं? एवढ्यावर थांबा. उत्तर देण्याचा मोह आवरा. चुकीचा अंदाज वहीत असलेलं मूल मानशीकडे ज्या उत्सुकतेने बघतं, तसं बरोबर उत्तर पाठ असलेलं मूल बघत नाही.

मानशीवर मुलांना हातात काम हवं, नाहीतर ती एकमेकांना ढकलायला लागतात. आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी गावातल्या जाणत्या माणसाकडून दोन बांबू रोवून घ्या, एक नदीच्या बाजूला, एक आतल्या बाजूला, दर १० सेंटिमीटरवर रंगाची खूण केलेले. तुमची १९ मुलं चार गटांत वाटा. दोन गट आपापल्या बांबूची खूण दर पंधरा मिनिटांनी लांबूनच वाचून लिहितील. तिसरा गट दाराचं चित्र काढेल: बिजागरी कुठे, चौकट कुठे, दार कुठल्या बाजूला टेकतं. चौथ्या गटाने सुकी पानं पाण्यात टाकून ती कुठे जातात ते बघायचं, पण पानं टाकणार सोबतचा मोठा माणूस. भरतीला पानं दारापाशी घुटमळत राहतील. ओहोटीला तीच पानं नदीकडे धावत सुटतील. अर्ध्या वेळाने गटांची कामं बदला. तासाभरात परत फिरा. सकाळी साडेदहानंतर बांधावर सावली नसते आणि तापलेल्या मुलाला काही दिसत नाही.

आणि मग खरं काम वर्गात. एक जुना प्लॅस्टिकचा टब घ्या, मधोमध पुठ्ठ्याची किंवा फोमच्या तुकड्याची भिंत मातीने लिंपून उभी करा, भिंतीला काडेपेटीएवढी खिडकी कापा. एक बाजू नदी, दुसरी शेत. आता जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा खिडकीपेक्षा मोठा तुकडा कापून वरच्या कडेला चिकटपट्टीने लावायचा. हे झालं दार. ते कुठल्या बाजूने लावायचं, हे सांगायचं नाही. मी तिसवाडीत शिकवत होते तेव्हा हा प्रयोग बऱ्याच वर्गांबरोबर केला. निम्मे गट तरी दार शेताच्या बाजूला लावतात, कारण दार घराच्या आत उघडतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. नदीच्या बाजूला तांब्याने पाणी ओततात, दार फटकन आत उघडतं आणि शेत बुडतं. शेतात कुणीतरी दुर्वा खोवून भात लावलेलं असतं, ते तरंगायला लागतं. मोठा गलका होतो. मग कुणीतरी मानशीवर काढलेलं चित्र शोधतं, दार कुठल्या बाजूला टेकलं होतं ते बघतं आणि फिल्म काढून नदीच्या बाजूला लावतं. या वेळी पाणी ओतल्यावर दार भिंतीला चिकटून बसतं. थोडं झिरपतं. झिरपू दे, खऱ्या मानशीतूनही झिरपतं. मग शेताच्या बाजूने पाणी ओततात, नदीचं थोडं उपसतात, आणि दार हळूच बाहेर उघडतं. ते बघताना मुलांचे चेहरे बघा. पाण्याला दाब असतो हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहिलं तरी चालेल, न लिहिलं तरी चालेल.

तुमच्या त्या पाच मुलांसाठी हा टब मोठा आधार आहे. मराठीत मागे पडणारं मूल हातांनी मागे पडत नाही. दार बरोबर बाजूला लावून दाखवलेल्या मुलाकडे वर्ग वेगळ्या नजरेने बघतो आणि तेही मग बोलायला लागतं, कारण आता त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही असतं. चित्रातली नावं त्यांना आधी कन्नडमध्ये सुचली तर ती तशीच लिहू द्या, शेजारी मराठी नाव दुसऱ्या मुलाने सांगावं. शेवटे, काळुंद्रं, चोणक ही मासळीची नावं तर मराठी घरातल्या मुलांनाही आजीकडूनच विचारून आणावी लागतील.

पाणी खारं आहे का, हे चाखून बघायला मुलं धावतील. चाखू देऊ नका, ते पाणी स्वच्छ नसतं. नदीचं, मानशीच्या आतलं आणि शाळेच्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी सारख्याच मापाने तीन स्टीलच्या ताटल्यांत ओता, वर जाळी झाका आणि उन्हात ठेवा. पाणी उडून गेलं की ताटलीत काय उरतं ते बोटाने नव्हे, भिंगाने बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. नदीच्या पाण्यात त्याहून कमी, आणि किती कमी ते ऋतूवर ठरतं. दिवाळीनंतर पावसाचं गोडं पाणी अजून नदीत असतं, उन्हाळ्यात खारेपणा आत सरकतो. तेव्हा हाच प्रयोग एप्रिलमध्ये पुन्हा करा आणि ताटल्या शेजारी ठेवून फोटो काढा. तुमच्याच तालुक्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत. मीठ तयार व्हायच्या दिवसांत कुणा पालकाच्या गाडीतून गटागटाने जाता आलं, तर ताटलीत जे झालं तेच केवढ्या मोठ्या वाफ्यांत होतं ते मुलांना लगेच ओळखू येईल. पण हे जमलं तर. मानस पुरेशी आहे.

दहा ओळींच्या निबंधाऐवजी वहीत तीन गोष्टी मागा: एक मोजलेला आकडा, एक नावं दिलेलं चित्र आणि अजून न सुटलेला एक प्रश्न. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. पहिल्या भेटीनंतरचे प्रश्न भिंतीवर लावून ठेवा आणि दुसऱ्या भेटीला निघताना मुलांनाच ते वाचू द्या.

मुख्याध्यापकांची धास्ती खोटी नाही. पाण्याजवळ मुलं न्यायची म्हणजे जबाबदारी आहेच, आणि ती कमी लेखून तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर नकारच मिळेल. कागदावर योजना घेऊन जा. पालकांची लेखी संमती, दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस, प्रत्येक मुलाला ठरलेला जोडीदार, जाताना-थांबताना-परतताना मोजदाद. मानशीच्या तोंडाशी पाणी जमीन उकरतं, तिथे खोल डोह असतो, हे गावातलं कुणीही सांगेल. म्हणून काठापासून दूर, बांधाच्या रुंद भागावर दोरी बांधून घ्या आणि दोरीपलीकडे कुणीही जाणार नाही, कुठल्याही कारणाने, चप्पल वाहून गेली तरी. पायात पट्ट्याची सॅण्डल, कारण कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. प्रथमोपचाराची पेटी, पाणी, फोन. पाऊस असेल किंवा बांध ओला आणि निसरडा असेल तर भेट पुढे ढकला, एक पक्ष थांबलात की तीच तिथी पुन्हा येते. भागशिक्षणाधिकाऱ्यांना आधी कळवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्यावर भर आहे, हेही अर्जात लिहा. दप्तराविना दहा दिवसांची त्यातली सूचना सहावी ते आठवीसाठी आहे, तेव्हा ती आपल्या वर्गासाठी पुढे करू नका. कुणी बोट ठेवलं तर सगळा अर्जच पडायचा.

बाकी, इंग्रजी शाळेशी तुलना करणाऱ्या पालकांशी वाद घालू नका. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं जिथे गुरं चारायची तिथेच शिक्षण नेलं. मूल राहतं ती जागा शिकण्याच्या लायकीची आहे, हा विश्वास त्यामागे होता. तुमच्या पालकांना त्यांचं गाव, त्यांचं खाजन, त्यांची मासळी शाळेच्या लायकीची वाटत नाही, आणि हा त्यांचा दोष नाही, आपण शिक्षकांनी तसं कधी दाखवूनच दिलं नाही. तेव्हा दुसऱ्या भेटीला दोन-चार पालकांना बोलवा, वॉटरपार्कचा आग्रह धरणाऱ्यांना आधी. मुलांनी त्यांना मानस समजावून सांगावी.

पुढच्या संकष्टीशी मेळ बसेल अशी शुद्ध एकादशी आजच कॅलेंडरवर शोधा, अर्ज त्याआधी पंधरा दिवस द्या, आणि दोन्ही भेटींची परवानगी एकाच अर्जात मागा. पहिलीच मागितलीत तर दुसरी मिळणार नाही.